बारा डब्यांची खंडेनवमी

आमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा येणारा माणूस आधी नाक धरायचा आणि मग विचारायचा, "इथं काय आंबवताय?" मी म्हणायचे, "वीज." माणूस हसायचा, मीही हसायचे. लोकांना हसवायची मला लहानपणापासून खोड आहे, आणि चिडायचीही. दोन्ही एकाच तोंडातून निघतं आणि दोन्हींवर माझा ताबा नाही. आमच्या घरी, गडहिंग्लजला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोल्हापूरच्या कॉलेजात कळायला थोडा वेळ गेला.

पण वीज खरंच आंबवत होतो. एका डेअरीत पनीर काढल्यावर उरलेलं पाणी कॅन भरभरून आमच्याकडे यायचं. ते दोन-चार दिवस ठेवलं की त्यातल्या दुधाच्या साखरेचं आम्ल होतं. आधी लॅक्टिक, मग असेटिक, शिवाय आणखी एक-दोन, ज्यांच्या वासामुळे शेजारच्या खोलीतल्या भौतिकशास्त्राच्या लोकांनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं. असलं पाणी ओढ्यात सोडलं तर मासे मरतात. आम्ही ते बारा बंद काचेच्या डब्यांत सोडायचो. प्रत्येक डब्यात ग्रॅफाइटच्या काळ्या कांड्या उभ्या केलेल्या, आणि त्या कांड्यांवर जिवाणू. हे जिवाणू आम्ल खातात. खाल्लेलं पचवताना सुटणारे इलेक्ट्रॉन आपण श्वासातल्या हवेला देतो. डब्यात हवा नाही, म्हणून जिवाणू ते कांडीला देतात. कांडीतून तारेत, तारेतून डब्याच्या पलीकडच्या बाजूला, की झाली वीज. एका डब्यात अर्धा व्होल्टसुद्धा नाही. बारा डबे एकामागे एक जोडले की भिंतीवरचं एक घड्याळ आणि त्याखालचा एक बारका दिवा चालायचा. "एवढ्यासाठी पीएचडी केलीस?" असं माझ्या सासऱ्यांनी विचारलं होतं. मी त्यांना दिलेलं उत्तर इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या घड्याळाचा काटा हलायला नऊ महिने लागले होते. जिवाणू कांडीला चिकटतात, एकावर एक बसत जातात, हळूहळू लालसर तपकिरी, बुळबुळीत थर धरतो. तो थर हाच सगळा कारखाना. पहिले तीन महिने मीटरवर काहीच दिसत नव्हतं आणि मी दिसेल त्याच्यावर खेकसत होते. नंतर आकडा चढू लागला तसं माझं खेकसणं जरा कमी झालं, असं विद्यार्थी म्हणायचे.

त्या नऊ महिन्यांत डब्यांची खरी देखभाल केली ती इलाहीमामांनी. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा मदतनीस, ठेकेदाराकडून आलेले. हुपरीचे. तिथं पंचवीस वर्षं त्यांनी चांदीच्या पैंजणांना चकाकी आणायचं काम केलं. पुढं छातीत भरायला लागलं, डॉक्टरांनी ते काम सोडायला लावलं, आणि मामा रोज सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला येऊ लागले. सात वर्षं येत होते. सकाळी आठला आणि दुपारी चारला ते नळीतून डब्यांत मोजून पाणी सोडायचे. रविवारीसुद्धा, ईदच्या दिवशीसुद्धा. काम झालं की दारातून सांगायचे, "जित्राबास्नी चारा घातला, मॅडम." आमच्या विभागात जिवाणूंना जित्राबं म्हणायची पद्धत पडली ती त्यांच्यामुळे.

मामांची एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात जायची. ते प्रत्येक गोष्ट विचारायचे. "मॅडम, ह्यो रुमाल हितं वाळत घालू का?" "मॅडम, ही बाटली जरा सरकवू का?" एकदा मी वैतागून म्हटलं, "मामा, जरा स्वतःच्या मनानं पण करा की काही." ते हसले.

"आमच्या धंद्यात माल समदा दुसऱ्याचा असतोय, मॅडम. किलो किलो चांदी लोकं हातात देऊन जात्यात. इचारल्याबिगर हात लावायचा न्हाय, ही सवय लागलीया. पंचवीस वर्सात कुणी माझ्याकडं बोट दावलं न्हाय."

हे सांगताना त्यांची मान जराशी ताठ व्हायची. मला ते ऐकूनही कंटाळा यायचा.

एकदा त्यांनी विचारलं, की ही जित्राबं डब्यात नेमकी ऱ्हात्यात कुठं? मी घाईत होते. कांड्या, थर, चिकटणं हे सगळं समजावून सांगायला पाच मिनिटं लागली असती. मी म्हटलं, "पाण्यात असतात मामा, पाण्यात." मामांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून त्या पाण्याला ते जास्तच जपायला लागले. एक थेंब सांडला तरी हळहळायचे. मला ते बघून गंमत वाटायची आणि मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

मग नवरात्र आलं. मी घट बसवायला गडहिंग्लजला गेले. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी आमचा प्रकल्प बघायला समिती येणार होती. पुढं दोन वर्षांची मुदतवाढ द्यायची की नाही हे तिच्या हातात होतं. अष्टमीला मी सासूबाईंना घेऊन एसटी स्टँडवर उभी होते. निपाणी गाडीला ही गर्दी, पिशव्या पायात, ध्वनिक्षेपकावर कोणाची तरी गाडी लागल्याची ओरड, आणि त्यात मामांचा फोन.

"मॅडम, उद्या खंडेनवमी. दर वर्साला विभागातली समदी हत्यारं धुवून पूजा मांडतोय न्हवं मी. औंदा तुमच्या डब्यांची बी मांडायची का?"

आमच्या विभागात ही पूजा जोरात असते. मायक्रोस्कोप, तराजू, सगळं लख्ख पुसून टेबलावर मांडायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. मांडायचे ते मामाच. हुपरीच्या कारखान्यांत लहानपणापासून त्या दिवशी ऐरणी-चिमटे धुवायचं काम त्यांनीच केलेलं, त्यामुळे असली मांडणी दुसऱ्या कोणाला जमायचीच नाही.

"मांडा की," मी म्हटलं.

"मग डबं खोलून आतल्या कांड्या बी धुवू का नुस्तं वरनं पुसू? लई घाण बसलेली दिसतीया काचंतनं."

हे मला ऐकू आलं होतं. पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिले की गोंगाटात काही कळलंच नाही. पण कळलं होतं. अर्धं कानात शिरलं, अर्धं शिरायच्या आत मी उत्तर देऊन मोकळी झाले. गाडी लागली होती आणि सासूबाई पिशवी उचलायला वाकल्या होत्या.

"हो हो, सगळं लख्ख करा मामा. समिती येणारे," असं म्हणून मी फोन ठेवला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत आले. बारा डबे टेबलावर ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला झेंडूची माळ, हळदीकुंकवाचं बोट, वर आपट्याचं पान. आतल्या कांड्या काळ्याभोर चमकत होत्या. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं.

मामा शेजारी उभे होते. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

"बगा मॅडम. पैंजणावानी केल्यात. घरनं रिठं आणलं, पितळी बुरूस आणला. एकेक कांडी घटकाभर घासत हुतो, तवा कुटं ती बुळबुळ निघाली. आनि जित्राबांचं काय काळजी करू नगा. आदी एकेका डब्याचं पाणी येगळ्या कॅनात काढून घेतलं, झाकण घट्ट लावलं, वारं सुदिक लागू दिलं न्हाय. धुवून झाल्यावर ज्या डब्याचं पाणी त्याच डब्यात. एक बी मरू दिलं न्हाय."

माझ्या नऊ महिन्यांचा थर मोरीतून वाहून गेला होता. मीटरवर दोन शून्यं आणि एक चार दिसत होता. मी ओरडायला सुरुवात केली. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, आठवतं तेवढं पुरे आहे. अक्कल काढली, वय काढलं, जन्मभर भांडीच घासायची होती तर इथं कशाला आलात, असंही म्हणाले. दारात विद्यार्थी जमले. आवाज ऐकून विभागप्रमुख राजवर्धन सर आले.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे करायला?" मी किंचाळले.

मामा म्हणाले, "मॅडम, मी फोन…"

आणि त्याच क्षणी मला तो एसटी स्टँड आठवला. फोनमधला त्यांचा आवाज आठवला, 'का नुस्तं वरनं पुसू' हेसुद्धा. तिथं थांबले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "फोनबिन काही सांगू नका मला!"

राजवर्धन सरांनी माझ्याकडे बघितलं. "यांनी कुणाला विचारलं होतं का, वर्षाराणी?"

"मला काही विचारलं नाही," मी म्हणाले.

मामांनी उघडलेलं तोंड मिटलं. भांडले नाहीत, रडले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले, मी आता पुढचं वाक्य बोलेन म्हणून वाट बघितल्यासारखं. मी बोलले नाही. मग त्यांनी एकेका डब्याची माळ काढायला सुरुवात केली.

पुढच्या महिन्यापासून ठेकेदारानं दुसरा माणूस पाठवला. मामा जाताना किल्ल्या कपाटात ठेवून गेले आणि पांढरा कोट धुवून, इस्त्री करून खुर्चीवर घडी घालून गेले. मी त्या दिवशी मुद्दाम ग्रंथालयात बसले होते.

आता यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगते. माझं काहीच बिघडलं नाही. समितीनं नऊ महिन्यांचे आलेख बघितले, राजवर्धन सरांनी घडलेला प्रकार सांगितला, तिघंही पोट धरून हसले आणि मुदतवाढ देऊन गेले. मी खरं बोलले असते तरी त्यांनी ती दिलीच असती. आणि डबे? ते अडतीस दिवसांत पुन्हा चालू झाले. ज्याला आधी नऊ महिने लागले होते ते सहा आठवड्यांच्या आत. कारण मामांनी ते पाणी टाकलं नव्हतं. वारा लागू न देता कॅनमध्ये झाकून ठेवलेल्या त्या पाण्यात थरातून सुटलेले पुष्कळ जिवाणू जिवंत राहिले होते, आम्लावर जगायला सरावलेले. स्वच्छ कांडी मिळताच ते पुन्हा जाऊन बसले. मला त्यावर एक शोधनिबंधसुद्धा मिळाला. थर पूर्ण खरवडून काढल्यावर तो किती दिवसांत पुन्हा धरतो, हे आधी कोणी इतकं नीट मोजलं नव्हतं. मोजायला आधी कोणी तो इतका नीट खरवडलाही नव्हता.

फेब्रुवारीत मी तो निबंध पुण्याला एका परिषदेत वाचला. दुपारचं जेवण झालेलं, तीनशे माणसं, निम्मी पेंगत होती. मी ठरवलं, यांना जागं करायचं. म्हणून सुरुवातीलाच खंडेनवमी सांगितली. आमचे एक मामा, पूर्वाश्रमीचे पैंजणवाले, त्यांनी कोणालाही न विचारता आमच्या जिवाणूंना रिठ्यानं आंघोळ घातली. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले, इतके हसले. मला चेव आला. मी मामांचा आवाज काढला, मान ताठ करून दाखवली: "पैंजणावानी केल्यात, मॅडम!" सभागृह नुसतं दणाणलं. नंतर चहाच्या वेळी लोक येऊन हात मिळवत होते. निबंधाबद्दल दोघांनीच विचारलं.

नंतर तो किस्सा मी आणखी चार ठिकाणी सांगितला. प्रत्येक वेळी तो जरा जास्त रंगला.

यंदा पावसाळ्यात डेअरीनं मोठी मांडणी मागितली. शंभर डबे, त्यांच्याच आवारात. मामांनंतर आमच्याकडे तीन मदतनीस झाले होते. एकानं आठचं पाणी अकराला सोडलं, एकानं राहिलेलं पाणी दुसऱ्या दिवशी दुप्पट ओतलं. आम्ल साचलं आणि चार डबे बसले ते बसलेच. शंभर डबे असल्या माणसांच्या हाती देणं शक्य नव्हतं. मला मामा आठवले. म्हणजे आठवत तर ते रोज होते, पण आता सोयीनं आठवले. मी प्रकल्पातून मदतनीसाची एक जागा मंजूर करून घेतली आणि एका रविवारी पेढे घेऊन हुपरीला निघाले. बसमध्ये मी मनातल्या मनात हिशोब केला होता. काम परत द्यायचं, मानानं बोलवायचं, झालं गेलं आपोआप मिटेल. मागचं काही बोलायची वेळच येणार नाही.

घर शोधायला त्रास पडला नाही. त्या गल्लीत घराघरातून ठोकण्याचा आवाज येत होता. मामा पुढच्या खोलीत पाटावर बसून पैंजणांचा एक जुडगा घासत होते. समोर घमेल्यात रिठ्याचा फेस. डॉक्टरांनी सोडायला लावलेलं ते काम त्यांनी पुन्हा धरलं होतं, आणि दर दोन वाक्यांनंतर खोकत होते. मला बघून ते उठले, हात धुतले, कोपऱ्यातली खुर्ची पुसली.

"बसा मॅडम. शमशाद, च्या टाक गं," त्यांनी आत बायकोला हाक दिली.

कोपऱ्यात त्यांची मुलगी आफशीन पैंजणांना घुंगरं लावत होती. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मामा कामावर असताना तिचं नाव अभिमानानं घ्यायचे. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

मी कामाचं सांगितलं. शंभर डबे, आठ आणि चारची वेळ, हुपरीतून सोयीची बस. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "मॅडम, जित्राबं समदी मेली काय वो?"

"नाही मामा. जगली. अडतीस दिवसांत सगळे डबे चालू झाले. तुम्ही पाणी ठेवलं होतं म्हणून जगली."

"व्हय?" त्यांचा आवाज एकदम चढला. "शमशाद! ऐकलंस का? जगली म्हणं! पाणी ठिवलंतं म्हणून जगली!" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वरीस व्हत आलं मॅडम, मला वाटायचं समदी माझ्या हातानं मेली. नऊ म्हैने चारा घातलेली. झोप लागायची न्हाय."

हे त्यांना कळवायला मला एक फोन पुरला असता. अडतिसाव्या दिवशीच. मी पेढ्यांचा पुडा पुढं केला.

तेव्हा आफशीन उठली. तिनं हातातली घुंगरं खाली ठेवली, ओढणीला हात पुसले आणि मोबाईल काढला.

"अब्बा, हे बगा. मी तुमाला दावणार न्हवते. पाच म्हैने झालं दावलं न्हाय. पण आता मॅडम पेढं घेऊन आल्यात, तर त्यांच्याम्होरंच बगा."

मला कळलं. पण काही बोलायच्या आत त्या खोलीत माझाच आवाज घुमायला लागला. पुण्याचं सभागृह, माईकवर मी. रिठ्यानं आंघोळ. मग हशा. मग मी मामांचा आवाज काढते, आणि आणखी मोठा हशा. त्या मोबाईलमध्ये तीनशे माणसं हसत होती. शमशादभाभी चहाचा कप हातात धरून दारात थांबल्या होत्या.

मामांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "मागं घे जरा."

आफशीननं पुन्हा लावलं. 'कोणालाही न विचारता' एवढं झाल्यावर त्यांनी हात वर केला आणि तिनं बंद केलं.

"इचारलंतं की मी," मामा म्हणाले. माझ्याशी नाही, मुलीशी. "हितनंच फोन केल्ता. तू बी हुतीस. कांड्या धुवू का नुस्तं पुसू, आसं इचारलंतं."

"हो मामा," मी म्हणाले. "तुम्ही विचारलं होतं. मीच हो म्हटलं होतं. मला त्याच दिवशी आठवलं होतं, सरांसमोर उभी असतानाच."

हे बोलायला मी घाबरत होते ते किती उगाच, असं मला वाटलं. त्या घरात ते आधीच सगळ्यांना माहीत होतं. माझ्या कबुलीनं तिथं कोणाच्या ज्ञानात काडीची भर पडली नाही.

आफशीन म्हणाली, "मग हितं का न्हाय सांगितलं?" तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला होता. "सांगायचं हुतं की. मामांनी फोन करून इचारलं आनि मी न ऐकताच हो म्हटलं, आसं. गोष्ट तीच ऱ्हायली आसती."

मी खोटं बोलू शकले असते. सवय होती. पण त्या मुलीकडे बघून जमलं नाही.

"तसं सांगितलं असतं तर कोणी हसलं नसतं," मी म्हणाले.

 शमशादभाभींनी कप माझ्यासमोर ठेवला आणि आत गेल्या. चहावर साय धरेपर्यंत मी त्याला हात लावला नाही. मामा खोकले, पाणी प्यायले, परत पाटावर बसले. पैंजणांचा जुडगा उचलला, पण घासला नाही.

"किती माणसं हुती मॅडम तितं?"

"तीनशे असतील."

"त्यास्नी सांगा," मामा म्हणाले. रागानं नाही. आठची वेळ, चारची वेळ जसं सांगायचे तसंच. "मी इचारलंतं म्हणून सांगा. मग येतो कामाला. शंभर काय, दोनशे डबं संबाळतो. पर आदी त्यास्नी सांगा."

त्यांना खरंच वाटत होतं की हे होण्यासारखं आहे. गल्लीत दवंडी दिली की सगळे ऐकतात, तसं. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? पेढ्यांचा पुडा मी तिथंच ठेवून आले. तो त्यांनी उघडला की नाही, मला माहीत नाही.

सोमवारी मी राजवर्धन सरांकडे जाऊन सगळं सांगितलं आणि लेखी दिलं. ते म्हणाले, "आता हे जुनं कशाला उकरताय?" मी म्हटलं, फाईलला लावा. त्यांनी लावलं. पुण्याच्या लोकांना विनंती करून ती चित्रफीत इंटरनेटवरून काढून टाकायला लावली, ती दोन दिवसांत निघाली. मग परिषदेला आलेल्यांची यादी मागवली. दोनशे चौदा पत्ते मिळाले, बाकीचे मिळालेच नाहीत. दोनशे चौदा जणांना मी एकेक पत्र लिहिलं, नाव घालून: इलाहीमामांनी विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं, आणि तुमच्यासमोर मी खोटं सांगितलं. ज्या चार ठिकाणी नंतर सांगितलं तिथंही कळवलं. डेअरीतले शंभर डबे अजून तसेच कोरडे पडून आहेत.

मामांचा पंधरा दिवसांनी फोन येतो. ख्यालीखुशाली विचारत नाहीत. "झालं का, मॅडम?" एवढंच. मी म्हणते, अजून थोडे राहिलेत मामा.

माझ्या पत्रांना आजवर अकरा उत्तरं आली. बहुतेकांनी लिहिलंय, की असं काही ऐकल्याचं आठवत नाही. काल नागपूरच्या एका प्राध्यापकांचं आलं. प्रांजळपणे कळवलंत, कौतुक वाटलं, असं त्यांनी लिहिलंय. खाली पुढं लिहिलंय, की तो किस्सा त्यांना फार आवडला होता, यंदाच्या नव्या वर्गाला त्यांनी पहिल्याच तासाला तो सांगितला, आणि खरं काय ते आता कळलं असलं तरी मुलांना सांगायला तो होता तसाच बरा आहे. हे मामांना कसं सांगायचं, ते मला कळत नाही.